जनुकीय अहवालात ‘बीटा-कॅरोटिनचं रूपांतर कमी’ आलंय, मग अ जीवनसत्त्वाची कॅप्सूल घ्यावी का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ कळेल. वय ३३, शाकाहारी, दूध-तूप चालतं पण अंडं नाही. घरबसल्या मागवलेल्या जनुकीय चाचणीत ‘बीसीओ-१ : रूपांतर कमी’ असा शेरा आला. (बीसीओ-१ म्हणजे भाज्या-फळांतल्या बीटा-कॅरोटिनपासून अ जीवनसत्त्व बनवणारं एन्झाइम.) तीन महिने रोज सकाळी मोठा ग्लासभर गाजराचा रस घेताय आणि तळहात पिवळट दिसायला लागलेत. संध्याकाळी डोळे थकतात. औषधाच्या दुकानात २५,००० आययूची अ जीवनसत्त्वाची कॅप्सूल सुचवली. आणि अगदी शेवटी, जाता जाता, तुम्ही लिहिलंय की यंदा बाळाचा विचार आहे.

मी ती शेवटची ओळ आधी वाचते. कॅप्सूल सुरू करू नका. केली असेल तर आजच थांबवा आणि किती दिवस घेतली ते स्त्रीरोगतज्ज्ञांच्या कानावर घाला. २५,००० आययू (आंतरराष्ट्रीय एकक) म्हणजे ७,५०० मायक्रोग्रॅम रेटिनॉल, अर्थात तयार अ जीवनसत्त्व. प्रौढ माणसासाठी तयार अ जीवनसत्त्वाची रोजची वरची मर्यादा ३,००० मायक्रोग्रॅम, म्हणजे १०,००० आययू आहे. गर्भधारणेच्या पहिल्या आठवड्यांत याहून जास्त रेटिनॉल रोज पोटात जात असेल, तर गर्भाच्या चेहरा-कवटीच्या, हृदयाच्या आणि मज्जासंस्थेच्या घडणीत दोष येण्याचा धोका वाढतो. हे आठवडे बहुतेक वेळा दिवस गेल्याचं कळायच्या आधीच सुरू झालेले असतात. शिवाय अ जीवनसत्त्व यकृतात साठतं, आज गोळी बंद केली आणि उद्या अंगातून गेलं असं होत नाही.

आता मूळ प्रश्न. अहवाल तुम्हाला एन्झाइमचा वेग सांगतोय आणि तुम्ही त्यावरून शरीरातला साठा किती याचा अंदाज बांधताय. या दोन गोष्टींत बरंच अंतर आहे, आणि ते समजायला हे एन्झाइम करतं काय ते बघावं लागेल.

गाजर, मेथी, पपई यांतलं बीटा-कॅरोटिन आतड्यात आधी अन्नाच्या पेशीतून सुटावं लागतं, मग पित्त आणि तेल-तुपाच्या मदतीने बारीक थेंबांत विरघळावं लागतं. लहान आतड्याच्या अस्तरातल्या पेशी ते आत ओढून घेतात. तिथे बीसीओ-१ बसलेलं असतं. बीटा-कॅरोटिन म्हणजे चाळीस कार्बनची लांब साखळी, दोन्ही टोकांना एकेक कडं. बीसीओ-१ हवेतल्याच ऑक्सिजनच्या मदतीने ती बरोबर मधोमध, पंधराव्या कार्बनच्या दुहेरी बंधावर तोडतं आणि रेटिनालचे दोन सारखे रेणू मिळतात. या कामासाठी त्याच्या गाभ्यात लोहाचा एक अणू लागतो, हिस्टिडिन या अमिनो आम्लाच्या चार रेणूंनी धरून ठेवलेला. पुढे रेटिनालचं रेटिनॉल होतं, दुसरं एक एन्झाइम (एलआरएटी) त्याला मेदाम्ल जोडतं आणि हा माल चरबीच्या कणांत भरून लसिकावाहिन्यांतून यकृताकडे जातो. अहवालात कुठे ‘बीसीएमओ-१’ दिसलं तर गोंधळू नका, ते याच एन्झाइमचं जुनं नाव.

दोन गोष्टी इथे लक्षात घ्या. एक, हे एन्झाइम फक्त आतड्यात नाही. यकृत, मूत्रपिंड, फुप्फुस, डोळ्याच्या पडद्यामागचा रंगद्रव्याचा थर, इथेही ते आहे. आतड्यात न तुटता निसटलेलं कॅरोटिन वाया गेलं असं समजू नये, त्यातलं काही पुढे तुटतं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. शरीर या एन्झाइमला मोकळं सोडत नाही. अंगात अ जीवनसत्त्व पुरेसं असलं की त्यापासून तयार होणारं रेटिनॉइक आम्ल आतड्यात आयएसएक्स नावाचं नियंत्रक प्रथिन वाढवतं. ते एकीकडे कॅरोटिन आत घेणारं दार आवळतं, दुसरीकडे बीसीओ-१ ची निर्मितीच कमी करतं. गच्चीवरच्या टाकीतला फ्लोट पाणी वर आलं की नळ बंद करतो, तसंच. म्हणून गाजरं कितीही खाल्ली तरी अ जीवनसत्त्वाची विषबाधा होत नाही, फार तर माणूस पिवळा दिसतो. आणि म्हणूनच बाहेरून रेटिनॉलची मोठी कॅप्सूल घेतली तर तुमचं आधीच मंद असलेलं रूपांतर आणखी मंद होईल. दुकानदाराने हे सांगितलं नसणार.

आता अहवालाची पानं उघडा आणि शेऱ्याऐवजी डीएनएची अक्षरं बघा. बहुतेक कंपन्या या जनुकातल्या दोन जागा तपासतात : आरएस१२९३४९२२ आणि आरएस७५०१३३१. पहिल्या जागी ‘ए’ च्या ऐवजी ‘टी’ आला की एन्झाइमच्या २६७ व्या जागेवर आर्जिनिनऐवजी सेरिन बसतं. दुसऱ्या जागी ‘सी’ ऐवजी ‘टी’ आला की ३७९ व्या जागेवर अ‍ॅलानिनऐवजी व्हॅलिन. दोन्ही बदल फार कॉमन आहेत. युरोपीय वंशाच्या लोकांत जनुकाच्या दर शंभर प्रतींमागे पहिला बदल ४२ आणि दुसरा २४ प्रतींत नोंदलेला आहे. म्हणजे हा कुठला दुर्मिळ आजार नाही, डोळ्यांच्या रंगासारखा माणसामाणसातला फरक आहे.

२००९ मध्ये ब्रिटनमधल्या स्त्रियांवर झालेल्या एका अभ्यासातून ‘६९ टक्के कमी’ हा आकडा आला आणि सगळे अहवाल तोच छापतात. त्यात बीटा-कॅरोटिनचा एकच भला मोठा डोस देऊन पुढच्या काही तासांत रक्तातल्या चरबीच्या कणांत त्याचं किती रेटिनॉल झालं ते मोजलं होतं. ३७९ चा बदल असणाऱ्यांत रूपांतर ३२ टक्के कमी आणि दोन्ही बदल असणाऱ्यांत ६९ टक्के कमी निघालं. यावरून तुमच्यासाठी तीन निष्कर्ष निघतात. फक्त पहिल्या जागेवर ‘टी’ असेल तर फारसं काही बिघडलेलं नाही. आकडा औषधी डोसचा आहे, वाटीभर भाजीचा नाही. डोस जितका मोठा तितकं टक्केवारीत रूपांतर कमी होतं, हे जनुक कसंही असलं तरी लागू. आणि ६९ टक्के कमी म्हणजे ३१ टक्के शिल्लक, शून्य नव्हे.

खरोखर लंगडं पडलेलं बीसीओ-१ कसं असतं याचंही उदाहरण आहे. २००७ मध्ये १७० व्या जागेवर थ्रिओनिनऐवजी मेथिओनिन आलेली व्यक्ती नोंदली गेली. तिच्या रक्तात कॅरोटिन भरपूर आणि रेटिनॉल कमी होतं, तेही जनुकाच्या एकाच प्रतीत बदल असताना. असे लोक विरळा. घरगुती चाचणीतल्या ‘रूपांतर कमी’ या शेऱ्याची त्याच्याशी गल्लत करू नका.

आता हिशेब करू. यात तुमच्या घरातली वाटी-चमचे वेगळे असतील तर आकडे बदलतील, पण पद्धत हीच.

आयसीएमआर-एनआयएनच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची राष्ट्रीय पोषण संस्था) २०२० च्या शिफारशीत प्रौढ स्त्रीसाठी रोज ८४० मायक्रोग्रॅम, गरोदरपणी ९०० आणि बाळाला पाजताना ९५० सांगितले आहेत. हा आकडा जवळजवळ सगळ्यांना पुरावा म्हणून मुद्दाम वर ठेवलेला असतो. सरासरी गरज स्त्रीसाठी ३९० आहे. तुमचं खाणं ८४० च्या खाली आहे म्हणजे कमतरता आहे असं नसतं. रोजच ३९० च्या खाली राहिलं तर मात्र काळजी करायची.

आधी तयार रेटिनॉल मोजा, कारण त्याला बीसीओ-१ लागतच नाही. दही-ताक धरून अर्धा लिटर पूर्ण साईचं दूध : सव्वादोनशेच्या आसपास. तीन लहान चमचे तूप, म्हणजे १५ ग्रॅम : साधारण १२०. फोडणीचं तेल फोर्टिफाइड असेल, पिशवीवर निळं ‘+एफ’ चिन्ह असेल, तर नियमाप्रमाणे त्यात ग्रॅममागे ६ ते ९.९ मायक्रोग्रॅम असायला हवं. २० ग्रॅम तेलाचे किमान १२०, पण तापवताना आणि पारदर्शक बाटलीत उजेडात ठेवल्याने घट होते, म्हणून मी निम्मंच धरते : ६०. बेरीज ४०० च्या पुढे. जनुकाचा प्रश्न यायच्या आधीच सरासरी गरज भागली. दुधाबाबत एक पथ्य : साय काढली की त्याबरोबर अ जीवनसत्त्वही जातं. टोन्ड दूध घेत असाल तर तेही ‘+एफ’ चं घ्या, त्यात लिटरमागे २७० ते ४५० मायक्रोग्रॅम घातलेलं असतं. म्हशीचं दूध पांढरं म्हणून कमी प्रतीचं, हा समज सोडा. गाईच्या दुधा-तुपाचा पिवळेपणा न तुटलेल्या बीटा-कॅरोटिनचा असतो. म्हशीच्या दुधात ते जवळजवळ नसतं, तिथे अ जीवनसत्त्व रेटिनॉलच्याच रूपात येतं. तुमच्यासारखीला म्हशीचं दूध उलट सोयीचं.

आता भाजीपाला. आहारातल्या बीटा-कॅरोटिनचे १२ मायक्रोग्रॅम म्हणजे १ मायक्रोग्रॅम रेटिनॉल, असा सर्वसाधारण हिशेब धरतात. दिवसात ६ मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन गेलं तर ५०० मायक्रोग्रॅम. तुमच्या बाबतीत सगळ्यात वाईट धरू, दोन्ही बदल, ६९ टक्के वजा : १५५. एकूण बेरीज साडेपाचशे. म्हणजे तुम्हाला कमतरता असण्याची शक्यता कमी आहे आणि गरोदरपणाच्या ९०० कडे जायला सुमारे साडेतीनशे मायक्रोग्रॅमची भर घालायची आहे. ती ताटातून घालता येते. त्यासाठी ७,५०० ची कॅप्सूल म्हणजे डास मारायला तोफ.

भर घालताना कुठे चुकतं ते सांगते. सर्वांत मोठी चूक तुमच्याच रसाची. ग्लासभर रसाला ४००-५०० ग्रॅम गाजरं जातात. नारिंगी गाजरात १०० ग्रॅमला सुमारे ५ मिलिग्रॅम धरलं तर ते २० मिलिग्रॅम किंवा जास्त, एकदम, रिकाम्या पोटी, तेला-तुपाशिवाय. एन्झाइमपुढे एवढा ढीग आला की बराचसा भाग न तुटता रक्तात जातो आणि कातडीखालच्या चरबीत बसतो. तेवढंच कॅरोटिन दोन-तीन जेवणांत विभागून, शिजवून आणि प्रत्येक वेळी निदान ३ ते ५ ग्रॅम स्निग्ध पदार्थाबरोबर, म्हणजे चमचाभर तेल-तुपाबरोबर गेलं तर उपयोग जास्त होतो. गाजराच्या कोशिंबिरीला वरून फोडणी द्यायची पद्धत या दृष्टीने फार शहाणी आहे. कच्च्या गाजरात बीटा-कॅरोटिन स्फटिकांच्या रूपात अडकलेलं असतं, किसल्याने, शिजवल्याने, नीट चावल्याने सुटतं. पालेभाजीत ते हरितद्रव्याच्या प्रथिनांत गुंतलेलं असतं, म्हणून आकडा मोठा असला तरी पदरात कमी पडतं. पिकलेल्या पपईत आणि आंब्यात त्याची ठेवण वेगळी, सहज सुटणारी असते. पपईत गाजराइतकं नसूनही ती मला जास्त भरवशाची वाटते.

कुठल्या भाज्या? शेवग्याचा पाला सगळ्यांच्या वर, मग मेथी, माठ, अळू, चाकवत, पालक. रंगावर फार जाऊ नका. हिरव्या पाल्यात नारिंगी रंग हरितद्रव्याखाली झाकलेला असतो. हिवाळ्यात येणाऱ्या लाल गाजराचा लाल रंग लायकोपिन या वेगळ्या रंगद्रव्याचा. त्यात बीटा-कॅरोटिन नारिंगीपेक्षा कमी असतं. टोमॅटो-कलिंगडाचं तेच. मक्याचा पिवळा बराचसा ल्युटिन-झीझँथिनचा, हळदीचा तर वेगळाच. साखळीच्या टोकाला योग्य ते कडं नसेल तर बीसीओ-१ त्यातून अ जीवनसत्त्व काढू शकत नाही. पांढऱ्या गराचं रताळं या कामाचं नाही, नारिंगी गराचं मात्र उत्तम.

ताटात एवढंच करा : दुपारी तेलाच्या फोडणीची वाटीभर पालेभाजी, आठवड्यातून दोनदा त्यात शेवग्याचा पाला. रात्री तुपावर परतलेला लाल भोपळा किंवा गाजर. जेवणानंतर पपईची फोड, मोसमात आंबा. पूर्ण साईच्या दुधाची एक वाटी जास्त. रस बंद.

तळहातांविषयी. डोळ्यांचा पांढरा भाग आरशात दिवसाच्या उजेडात बघा. तो पांढराशुभ्र असेल आणि पिवळेपणा तळहात, तळपाय, नाकाच्या कडा इथेच असेल, तर ते कॅरोटिन आहे. डोळे पिवळे असतील तर कावीळ समजून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पिवळ्या तळहातांतून एक चांगली बातमीही मिळते : तुमचं आतडं कॅरोटिन शोषून घेतंय. चरबी न पचण्याचा आजार असता तर रंग चढलाच नसता. रस थांबवल्यावर रंग उतरायला काही आठवडे ते महिने लागतात, घाई करू नका. पण थायरॉइड मंद असेल किंवा मधुमेह असेल तरीही कॅरोटिन रक्तात साचतं, म्हणून टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी) आणि साखर एकदा बघून घ्यावी. बाळाचा विचार असताना टीएसएच तसंही हवंच.

संध्याकाळी डोळे थकणं हे अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचं लक्षण नाही. ते लक्षण म्हणजे अंधुक उजेडात दिसेनासं होणं, बाहेरच्या उन्हातून अंधाऱ्या खोलीत आल्यावर डोळे फार उशिरा सरावणं, जिन्याची पायरी चुकणं. पुढे डोळ्याचा पांढरा भाग कोरडा पडतो, त्यावर साबणाच्या फेसासारखे बिटॉट डाग दिसतात. यातलं काही असेल तर या सगळ्या आहाराच्या चर्चेत वेळ घालवू नका, नेत्रतज्ज्ञांकडे जा. दिवसभर स्क्रीनपुढे बसून येणारा थकवा बहुधा चष्म्याचा नंबर किंवा पापणी कमी मिटल्याने आलेला कोरडेपणा असतो.

माझं उत्तर कुठे बदलेल तेही सांगते. दूध-तूपही बंद असतं, म्हणजे पूर्ण वनस्पतिजन्य आहार, तर वरच्या हिशेबातला ४०० चा भाग जवळजवळ जातो आणि त्यावर दोन्ही बदल असतील तर गणित खरंच तुटीचं होतं. तिथे मी दिवसाला १,००० ते २,५०० आययूच्या, म्हणजे ३०० ते ७५० मायक्रोग्रॅमच्या साध्या पूरक गोळीचा विचार करते, तोही डॉक्टरांना विचारून. सिलिअ‍ॅक आजार (गव्हातल्या ग्लूटेनने आतड्याला होणारी इजा), स्वादुपिंडाचा जुना विकार, पित्तमार्गातला अडथळा, वजन घटवायची शस्त्रक्रिया किंवा ऑरलिस्टॅट (चरबीचं शोषण रोखणारं वजन घटवायचं औषध) चालू असेल तर अडचण एन्झाइमच्या अलीकडे, शोषणातच असते. तिथे जनुकीय अहवाल गौण. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असेल तर अ जीवनसत्त्वाची कुठलीही गोळी नको, आणि ते औषध थांबवून निदान एक महिना गेल्याशिवाय गर्भधारणाही नको. धूम्रपान करणाऱ्यांनी बीटा-कॅरोटिनच्या गोळ्यांच्या वाटेला जाऊ नये. १९९४ मध्ये फिनलंडच्या मोठ्या चाचणीत रोज २० मिलिग्रॅम घेणाऱ्या धूम्रपानी पुरुषांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त निघाला, आणि १९९६ मध्ये अमेरिकेतली ३० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन आणि २५,००० आययू रेटिनॉलची चाचणी अशाच कारणाने आधीच थांबवावी लागली. हे गोळ्यांबद्दल आहे, गाजरांबद्दल नाही.

मुलांना सरकारी कार्यक्रमात नवव्या महिन्यात १ लाख आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख आययू देतात, मग मोठ्यांना २५,००० ने काय होतंय, असं इथे कुणीतरी विचारेलच. तो डोस सहा महिन्यांतून एकदा, लहान मुलांना, साठा भरायला असतो. रोजच्या कॅप्सूलशी आणि गर्भधारणेशी त्याची तुलना होत नाही. ज्यांना मांसाहार चालतो त्यांनी कलेजीबाबत हेच लक्षात ठेवावं : एका बैठकीतच वरच्या मर्यादेच्या पलीकडे रेटिनॉल जाऊ शकतं, म्हणून बाळाच्या प्रयत्नात आणि गरोदरपणी ती टाळलेली बरी. फॉलिक आम्लाची गोळी चालू करा, ती वेगळी. पण गरोदरपणाची मल्टिव्हिटॅमिन घेतलीत तर तिच्या मागच्या बाजूला अ जीवनसत्त्व किती आणि कोणत्या रूपात आहे ते वाचा. ‘रेटिनिल पाल्मिटेट’ किंवा ‘रेटिनिल अ‍ॅसिटेट’ लिहिलं असेल तर तो आकडा मर्यादेत मोजायचा. ‘बीटा-कॅरोटिन’ असेल तर मोजायची गरज नाही.

एवढं करूनही मनात शंका राहिली तर रक्तातलं रेटिनॉल तपासा. २० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर कमतरता. पण ही चाचणी खोटं बोलू शकते. यकृताचा साठा बराच संपेपर्यंत रक्तातली पातळी जागची हलत नाही, आणि उलट साधा ताप-सर्दी किंवा कुठलीही सूज असेल तर साठा भरलेला असूनही पातळी खाली दिसते. प्रथिनं किंवा जस्त कमी पडलं तर रेटिनॉलची वाहतूक करणारं प्रथिनच कमी होतं आणि आकडा पुन्हा फसवतो. म्हणून आजारपण संपून दोन-तीन आठवडे झाल्यावर, उपाशीपोटी नमुना द्या, सोबत सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी चाचणी) करा, आणि नळी फॉइलमध्ये गुंडाळून ठेवतात का ते विचारा, कारण उजेडात रेटिनॉल नासतं. टीएसएच, साखर आणि हिमोग्लोबिनसाठी रक्त द्यायचंच आहे, तर ते त्याच सकाळी घ्यायला सांगा.